खोटी हाक

८ ऑगस्ट १९८३, सोमवार

सकाळपासून उघडीप. मैदानात मधोमध पाणी, म्हणून कडेच्या मुरमावर सराव. नऊपैकी सात आल्या. दोघींच्या घरी लावणी अजून संपलेली नाही.

वैद्य सर खुर्चीवर, मी रेषेबाहेर. माझं रोजचं काम खोटं ओरडायचं. संगीता पाठलाग करत असते, मी रेषेवरून तिच्याबरोबर पळत ओरडते, "खो दे! आता दे! अगं दे ना!" तिने द्यायचा नाही. माझ्या ओरडण्यावर खो दिला की मैदानाला एक फेरी. सरांचा नियम आहे, मैदानात आवाज एकच. सामन्याला सगळं गाव ओरडतं. बाप ओरडतो, चुलता ओरडतो, समोरच्या कॉलेजची पोरं तर मुद्दाम ओरडतात. त्या सगळ्यांना कान बंद, सरांना उघडे. हे शिकवायला कुणीतरी खोटं ओरडायला हवं. ती मी. अकरा वर्षं.

संगीता आज एकदाही फसली नाही. सर म्हणाले, "सुलभाबाई, तुमचं आता कुणी म्हणजे कुणी ऐकत नाही!" मुली हसल्या. मीही हसले.

१४ ऑगस्ट, रविवार

दिवसभर कुणाशी बोलणं झालं नाही. कपडे धुतले, वाळत घातले, आत आणले, पुन्हा घातले. संध्याकाळी दूधवाला आला, त्याला "अर्धा" म्हटलं तर आवाज इतका घोगरा की तो म्हणाला, "बरं नाय का ताई?"

बरं आहे. नुसता वापरला नव्हता.

आई होती तेव्हा भिसेगावच्या या दोन खोल्या लहान वाटायच्या.

२ सप्टेंबर, शुक्रवार

खोपोलीला मैत्रीचा सामना. जिंकलो, एक डाव राखून. मैदान भरलेलं, पहिल्या पाळीवरून सुटलेले साजगावचे कामगार डबे घेऊन तसेच उभे.

सामन्याला आमची जागा ठरलेली. सर रेषेशी, मी त्यांच्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागे. पळणारी मुलगी वळायच्या आधी तिचा खांदा पडतो. एक श्वास आधी. मला तो दिसतो, का दिसतो ते सांगता येणार नाही. मी हळूच म्हणते, "आता." सर ओरडतात, "दे!" आणि आमची मुलगी खो देते. आज पाच गडी असे गेले. मागून एक कामगार दुसऱ्याला म्हणाला, "म्हातारा उभ्या उभ्या खेळ वाचतो रं!" सरांनी ऐकलं. मान ताठ झाली. माझ्याकडे बघितलं नाही.

वाईट वाटलं असं नाही. खरं म्हणजे वाटलं.

मला घेतलं ते खेळासाठी नव्हेच. मुलींबरोबर बाई हवी, नाहीतर घरचे पाठवत नाहीत. लायब्ररीत बसणारी, बिनलग्नाची, मागे संसार नाही, म्हणून मी. मॅट्रिकपर्यंत शाळेत खेळले होते हे कुणी विचारलंही नाही. तिसऱ्या की चौथ्या सामन्यात नकळत तोंडातून "आता" गेलं, सर ओरडले, गडी बाद. दोघंही त्यावर कधी बोललो नाही. तेव्हापासून चालू आहे.

२० सप्टेंबर, मंगळवार

सर एप्रिलमध्ये निवृत्त होणार. स्टाफरूममध्ये त्यांची जागा कुणाला यावर चर्चा. मी कपाटात पुस्तकं लावत होते. कुणीतरी म्हणालं, "पदविकावाला तरुण बघतील कुणी." कुणीतरी, "आपल्या कर्णिकबाई आहेत की," म्हणजे मी. त्यावर तिसऱ्याचं हसू. वाईट हसू नव्हतं. टेबलाला नोकरी द्या म्हटल्यावर यावं तसं.

मला ती जागा हवी आहे. इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे म्हणणं होणार नाही. इतकी वर्षं काही हवं असल्याचं आठवत नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी हे काय.

५ ऑक्टोबर, बुधवार

सरांना स्टेशनवर चक्कर. ब्लडप्रेशर. डॉक्टरांनी पंधरा दिवस पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं. परवा पनवेलला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची पहिली फेरी. हरलं की वर्ष संपलं.

प्राचार्य : "सुलभाबाई, तुम्हीच न्या. दुसरं आहे कोण?" मग जरा थांबून, "ही एक संधीच समजा."

वंदनाला सांगितलं. ती कप्तान, खालापूरकडची, बोलायला फटकळ. म्हणाली, "मंग काय बाई, जिंकून येऊ. तुमी घाबरू नका, आमी हाव ना."

रात्री आरशासमोर "दे!" म्हणून बघितलं. शेजारच्या काकूंनी भिंतीवर टकटक केली.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

हरलो. एका गड्याने.

शेवटच्या डावात आम्ही पाठलागावर, बरोबरीला दोन गडी हवे, तीन मिनिटं. संगीता पळतेय, पुढच्या मुलीचा खांदा पडला, मी ओरडले, "खो दे!" माझ्या कानाला तरी मोठा आवाज. संगीताने दात आवळले आणि तशीच खांबापर्यंत पळत गेली. मुलगी मागून निसटली. पुन्हा तेच. "दे संगीता, दे!" पुन्हा खांब. वंदनाचंही तेच. शेवटी एक गडी मिळाला, तो मी गप्प होते तेव्हा.

मला मैदानावर कळलंच नाही. वाटलं, आवाज पोचत नाही. मग आणखी मोठ्याने.

परतीची एसटी. वडखळची की कुठली भाजीची पोती पायात. बऱ्याच वेळाने वंदना म्हणाली, "बाई, रागवू नका. तुमचा आवाज आला ना, की आमी ते करायचं नाय येवढंच डोक्यात. तुमी जितक्या जोरात तितकं घट्ट."

संगीता रडत होती. "मला वाटलं तुमी सवयीनं वरडताव."

मी म्हटलं, चूक तुमची नाही.

मीच शिकवलं. रोज संध्याकाळी, पाच ते सहा, अकरा वर्षं.

८ ऑक्टोबर, शनिवार

सरांकडे गेले. उशाला मोसंबी, पायाशी सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी. सगळं सांगितलं. सर हसायला लागले, वहिनी ओरडल्या, "हसू नका, प्रेशर चढेल." सर म्हणाले, "म्हणजे सुलभाबाई, आपण पक्कं शिकवलं!"

"आपण" म्हणाले. त्या शब्दावर घरापर्यंत चालत आले.

मग दाराचं कुलूप काढताना त्याचा काही उपयोग झाला नाही.

६ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीला दादाकडे ठाण्याला. वहिनीने विचारलं, "मॅच हरली म्हणे?" दादा म्हणाला, "आता सोड ते मुलींमागे उन्हातान्हात पळणं. इकडे ये राहायला, धाकटीचा अभ्यास घे." चांगल्या मनाने म्हणाला. धाकटी सहा वर्षांची, माझ्या मांडीवर झोपली होती. हो म्हणणं फार सोपं होतं.

"बघू" म्हटलं. सकाळच्या गाडीने परत.

३० एप्रिल १९८४, सोमवार

सरांचा निरोप समारंभ. शाल, श्रीफळ, फोटो. जुन्या मुली आल्या होत्या, एक तर तान्हं बाळ घेऊन. सर छान बोलले. खो-खो म्हणजे काय, शिस्त म्हणजे काय, एक आवाज म्हणजे काय. शेवटी म्हणाले, "आणि आमच्या कर्णिकबाई. मुलींची आईच्या मायेने काळजी घेतली. कुणाला वेणी घालून दे, कुणाला लिंबू-साखर."

टाळ्या.

घातल्या आहेत वेण्या. खोटं नाही काही. पण मी खुर्चीत बसून वाट बघत राहिले, आणखी एक वाक्य येईल म्हणून. सर खाली बसले तेव्हा लक्षात आलं की मी पुढे झुकून बसले होते.

वंदना चहाच्या वेळी जवळ आली. "बाई, सर येवढंच काय बोललं?" मी म्हटलं, गप गं. ती म्हणाली, "आमी काय आंधळ्या नाय. बसल्या जाग्यावरनं दिसतं ना, तुमचं तोंड हाललं की मंग सर वरडतात."

म्हणजे मुलींना माहीत होतं.

१४ मे, सोमवार

मुलाखत. तिघं बसलेले, पंखा बंद पडलेला. शारीरिक शिक्षणाची पदविका नाही यावर पंधरा मिनिटं. मग एकाने विचारलं, "बाहेरगावी मुक्काम असेल तर मुलींबरोबर जबाबदार माणूस कोण?" मी म्हटलं, आजवर मीच होते. ते म्हणाले, "हो, पण सर असायचे ना." सर मुक्कामाला कधी आले नाहीत, संध्याकाळच्या गाडीने घरी यायचे. हे सांगितलं का मी? नाही.

शेवटी पनवेल. "एकच सामना तुमच्या हाती दिला, तो गेला. असं का झालं?"

तयारी करून गेले होते. खरं सगळं सांगायचं. पण खरं सांगायचं तर सरांच्या डाव्या हाताशी कोण उभं असायचं तेही सांगावं लागणार. सरांना शाल देऊन पंधरा दिवस झालेले. म्हटलं, "मुलींना माझ्या आवाजाची सवय नव्हती."

बाहेर येऊन नळावर पाणी प्याले. सवय नव्हती! याहून उलटं वाक्य शोधूनही सापडलं नसतं.

२ जुलै, सोमवार

प्राचार्यांनी बोलावलं. पदविकावाला मिळाला होता, त्याने शहरात दुसरीकडे नोकरी धरली. म्हणून तात्पुरतं मला. "पहिली फेरी काढलीत तर पुढचं मी कमिटीला सांगेन. नाही निघाली तर पुन्हा जाहिरात. स्पष्ट बोललेलं बरं, नाही का?"

बरंच. धन्यवाद म्हटलं, दारापर्यंत आले, पुन्हा धन्यवाद म्हटलं. वेडेपणा.

यंदा पहिली फेरी लवकर, ऑगस्टच्या शेवटाला.

घरी येऊन शिरा केला. एकटीपुरता शिरा करणं फार अवघड. उरलेला काकूंना दिला. त्यांनी कशाबद्दल विचारलं नाही.

११ जुलै, बुधवार

होत नाही. आठ दिवस झाले. मुलींना समोर बसवून सांगितलं, आता माझं ऐकायचं, मी खरं सांगणार, कधीही खोटं ओरडणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मैदानात उतरल्या की तेच. खोटं ओरडायला कुणी उरलं नाही तरी त्या मला चुकवतात.

"खो दे"च्या जागी "सोड" म्हणून बघितलं. टाळी वाजवून बघितली. हात वर करून बघितला, पण पळताना वर बघणार कोण. संगीता कळवळून म्हणाली, "बाई, मी नाय करत हो. तुमी वरडलात की हात आपसूक मागं येतो. हाताला कोन सांगनार?"

नव्या दोन मुली आहेत, पहिल्या वर्षाच्या. त्या ऐकतात. पण जुन्या सात त्यांना दटावतात, "बाईंच्या नादाला लागू नको गं, फेरी मारायला लागंल," आणि मग जीभ चावतात.

१९ जुलै, गुरुवार

लावणी. तिघीच सरावाला. वंदना आली ती कंबर धरून, नखांत चिखल तसाच. म्हटलं, घरी जायचंस. म्हणाली, "बांधावर आयशी वरडते, हितं तुमी. तुमचं निदान ऐकायला नाय लागत." मग माझं तोंड बघून, "गंमत केली हो बाई!"

तिघींना घेऊन काय करणार. खांबाला टेकून बसलो. वंदना म्हणाली, "सरांचं ऐकायचं आमच्या अंगात बसलंय, तुमचं न ऐकायचं बसलंय. आदी सरांचं काढाया हवं, तवा जागा हुईल."

ती सहज बोलली. मी घरी येईपर्यंत डोक्यात तेच.

म्हणजे सरांनी खोटं ओरडायला हवं. माझ्या जागी उभं राहून. मुलींनी त्यांना चुकवायला शिकायचं आणि ते शिकवायचं सरांनीच.

कसं विचारायचं हे एखाद्याला? ज्याच्याजवळ आता तेवढंच आहे.

२२ जुलै, रविवार

दोनदा सरांच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत. दुसऱ्यांदा वाण्याकडून नको असलेली काडेपेटी घेतली.

२९ जुलै, रविवार

गेले. वहिनींनी दार उघडलं, हळूच म्हणाल्या, "बरं झालं आलात. रोज साडेचारला चपला घालून बसतात. जायचं कुठेच नसतं. सहाला काढतात."

पावणेपाच झाले होते. सर चपला घालून आरामखुर्चीत. सांगितलं. आधी त्यांना वाटलं, मदतीला या म्हणतेय, चेहरा असा उजळला की पुढचं बोलवेना. पण बोलले मी. तुम्ही रेषेबाहेर उभं राहायचं. तुम्ही खोटं ओरडायचं. तुमच्या ओरडण्यावर जिने खो दिला तिला फेरी.

सर खुर्चीत सरळ बसले. मग, "माझ्या शब्दावर त्या पोरींनी कधी चूक केली नाही, सुलभाबाई."

मी म्हटलं, "सर, शब्द माझा असायचा."

म्हणून गेले. बारा वर्षांत पहिल्यांदा. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या, तिथेच थांबल्या. मला वाटलं सर उठून आत जातील. त्यांचं प्रेशर. मी हात पदरात धरून ठेवले.

सर जमिनीकडे बघत म्हणाले, "माहीत आहे मला."

एवढंच. "येतो" म्हणाले नाहीत, "येत नाही" असंही नाही. चहा झाला. वहिनींनी पडवळाची भाजी बांधून दिली. मी जिन्याशी आले तेव्हा सर मागे आले होते. म्हणाले, "निरोपाच्या दिवशी मी लिहून नेलं होतं. कागद खिशात होता. तिथे उभा राहिलो आणि..." मी थांबले थोडी.

राग आहे का? शोधला. कुठेतरी असेल. सापडला तो इतकाच, की बारा वर्षं रोज एक तास मी ज्यांच्या शेजारी उभी होते त्यांनाही हे एकट्याने बाळगावं लागत होतं आणि मलाही, आणि मध्ये अर्धं पाऊल.

१ ऑगस्ट, बुधवार

सर आले नाहीत. मुलींना काही सांगितलं नव्हतं, बरं केलं.

२ ऑगस्ट, गुरुवार

नाही.

पावसाने सराव अर्धाच. नवी मुलगी खांबाशी घसरली, गुडघा फुटला, हळद लावली. तिने विचारलं, "बाई, तुमी एकट्याच ऱ्हाता?" हो म्हटलं. "भ्या नाय वाटत?" म्हटलं, भीती नाही वाटत.

दुसरं काय वाटतं ते तिने विचारलं नाही.

६ ऑगस्ट, सोमवार

पाचला पाच कमी असताना फाटकातून छत्री. सर. मुली उठून धावल्या, पाया पडल्या, संगीताने तर खुर्ची आणली. सर म्हणाले, "खुर्ची नको. माझी जागा आज तिकडे आहे." आणि रेषेबाहेर, मुरमाच्या कडेला, मी उभी राहते तिथे जाऊन उभे राहिले. छत्री मिटली.

मी मुलींना नियम सांगितला. कुणी हसलं नाही. वंदना एकदा सरांकडे, एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "सरांना नाय म्हनायचं? तोंडावर?"

सर तिकडून ओरडले, "हो गं, तोंडावर! बस खाली!" ती पटकन बसली. मग मात्र सगळ्या हसल्या.

सुरू केलं. संगीता पाठलागावर. सर रेषेवरून चालत, पळणं आता त्यांना नाही, आणि तो आवाज, "दे!" संगीताने क्षणात दिला. चूक. मुलगी निसटली. तिला फेरी. ती निघाली, पण जाताना सरांकडे बघत, परवानगी मागितल्यासारखी. पुन्हा. "दे!" पुन्हा दिला. वंदनाने दिला. पाळीपाळीने सातही जणींनी दिला, सातही जणी चिखलात फेऱ्या मारत होत्या, आणि सर त्यांच्याकडे बघत होते. तो चेहरा मला बघवेना. आनंद होता त्यात. कुणी अजून इतकं ऐकतं म्हणून. मग तो आनंद त्यांचा त्यांनाच कळला असावा, त्यांनी मान फिरवली, टोपी काढून झटकली आणि पुढचा "दे!" आणखी जोरात ओरडले.

शेवटी शेवटी एकदा सरांचा "दे!" आणि माझा "थांब!" एकाच वेळी आले. संगीताने ना खो दिला, ना ती पळाली, मैदानात मधोमध उभीच राहिली, दोन्ही हात पसरून. "आता मी काय करू गं माय!" सगळ्या खाली बसून हसल्या. सरही. मी पण, किती दिवसांनी.

सहाला सरांचा घसा बसलेला. फाटकापर्यंत त्यांच्याबरोबर गेले. म्हटलं, सर, उद्या पाऊस असेल. म्हणाले, "असू दे. पाचला येतो."

दोन पावलं जाऊन थांबले. "किती दिवस लागतील असं वाटतं तुम्हाला?"

मी म्हटलं, माहीत नाही.

त्यांनी मान हलवली आणि छत्री उघडली.

पहिल्या फेरीला चोवीस दिवस. अजून सगळ्या सरांचंच ऐकतात.